दीडशे मैल, परतीसकट

आमची आजी वेळ अंतरात मोजायची. "दिवस कासराभर वर आला, ऊठ की आता," असं म्हणत ती अंगावरची वाकळ ओढायची. कासरा म्हणजे गाडीवान हातात धरतो तो बैलांचा दोर. क्षितिजापासून तेवढा दोर वर धरला तर सूर्य त्याच्या टोकाला येईल, इतका वेळ झाला, असा तो हिशेब. माण तालुक्यातल्या आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण आजीला त्याची गरज पडल्याचं मला आठवत नाही.

मी हवाई दलात नेव्हिगेटर झालो आणि १९८६ ते २००८ अशी बावीस वर्षं नेमकं उलटं काम केलं. मी अंतर वेळेत मोजलं. एएन-३२ या मालवाहू विमानात वैमानिकाच्या मागे, डाव्या अंगाला माझी जागा. पुढ्यात छोटं टेबल, त्यावर नकाशा, पेन्सिल, गोल फिरवायची गणिताची चकती आणि कर्कटक. तेच, शाळेच्या कंपासपेटीत असतं आणि ज्यानं आपण सगळ्यांनी बाकांवर नावं कोरली, ते दोन टोकांचं कर्कटक. माझ्या कामातलं ते सर्वांत खात्रीचं हत्यार होतं.

हल्ली फोनवर दोन विमानतळांची नावं टाकली की उत्तर येतं. पोर्ट ब्लेअर ते कार निकोबार: २७७ किलोमीटर, चाळीसएक मिनिटं. यातला पहिला आकडा बरोबर आहे. तो कुणीही नकाशावर पडताळून पाहू शकतो. पोर्ट ब्लेअर ११ अंश ३८ मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे, कार निकोबार ९ अंश ९ मिनिटांवर, आणि दोन्ही जवळपास एकाच रेखांशावर. वजाबाकी केली की २ अंश २९ मिनिटं, म्हणजे १४९ मिनिटं उरतात. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १,८५२ मीटर. म्हणून १४९ नॉटिकल मैल. आम्ही बोलताना दीडशे म्हणायचो. कर्कटकाची दोन टोकं दोन बेटांवर ठेवायची आणि तेवढंच उघडं ठेवून नकाशाच्या कडेच्या अक्षांशपट्टीवर न्यायची. वरच्या किंवा खालच्या कडेच्या रेखांशपट्टीवर कधीच मोजायचं नाही, कारण रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात. बेगमपेटच्या प्रशिक्षणात हे पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं.

दुसऱ्या आकड्याशी, म्हणजे त्या चाळीस मिनिटांशी, माझा उभा जन्म संबंध आला. तो आकडा नकाशावर नसतो. तो रोज नव्याने काढावा लागतो, आणि काढून झाला की विमानात बसलेल्यांना आणि खाली वाट पाहणाऱ्यांना तो शब्द दिल्यासारखा असतो.

साधं गणित असं. आमचं विमान हवेतून ताशी २४० नॉटिकल मैल, म्हणजे २४० नॉट वेगानं जातंय असं धरू. वारा नसेल तर दीडशे मैल साडेसदतीस मिनिटांत संपतात, परतीला तेवढीच, मिळून पंच्याहत्तर. आता समोरून ६० नॉटचा वारा आहे असं समजा. जाताना जमिनीवरचा वेग १८० उरला, पन्नास मिनिटं लागली. येताना तोच वारा पाठीशी, वेग ३००, तीस मिनिटं. बेरीज ऐंशी. वाऱ्यानं जाताना साडेबारा मिनिटं घेतली आणि येताना साडेसातच परत दिली. कारण उघड आहे: प्रतिकूल वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, अनुकूल वाऱ्यात कमी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही पुन:पुन्हा तपासली होती. जाऊन यायचं असेल तर कुठल्याही दिशेच्या स्थिर वाऱ्यात एकूण वेळ वाढतोच.

आणि कार निकोबारसारख्या ठिकाणी उड्डाण नेहमी जाऊन-येऊनच मोजावं लागतं. मुंबईला उतरता आलं नाही तर पुणं आहे, अहमदाबाद आहे. कार निकोबारला उतरता आलं नाही तर आमच्यासाठी परत पोर्ट ब्लेअर, मध्ये टेन डिग्री चॅनेलचा दीडशे किलोमीटर उघडा समुद्र. म्हणून दीडशे मैलांच्या या प्रवासाला इंधन तीनशे मैलांचं, वर घिरट्यांचं आणि वर आणीबाणीचं. जितकं इंधन जास्त तितकं सामान कमी. बेटावरच्या माणसांच्या बटाट्याच्या पोत्यांची, औषधांच्या खोक्यांची, टपालाच्या थैल्यांची संख्या अशा रीतीनं परतीच्या वाऱ्यावर ठरायची. काही पोती पोर्ट ब्लेअरच्या धावपट्टीशेजारी मागे राहायची आणि ती पाहताना मला बरं वाटत नसे. पण ते गणित मी कधी सैल केलं नाही.

यामागे एक दिवस आहे. जुलै १९८९. त्या मार्गावरचा माझा पहिला पावसाळा. हवामान कक्षानं दिलेला वारा नैर्ऋत्येचा, मध्यम. आम्ही जवळजवळ सरळ दक्षिणेला जाणार, म्हणजे वारा उजव्या खांद्यावरून येणार आणि विमानाला डावीकडे, पूर्वेला ढकलणार. तेवढं नाक उजवीकडे धरायचं. किती, ते मी चकतीवर काढलं: चार अंश. पोचण्याची वेळ काढली. रेडिओवर कार निकोबारला कळवलं, "एस्टिमेटिंग, फोर टू." तास सांगत नाहीत, फक्त मिनिटं. बेचाळीस मिनिटांवर काटा येईल तेव्हा आम्ही तुमच्या डोक्यावर असू, असा त्याचा अर्थ.

बेचाळीसला काटा आला. खाली ढग. थोडं खाली उतरलो, तरी ढग. रडारच्या पडद्यावर मुसळधार पावसानं सगळंच उजळलेलं, त्यात बेट कुठलं आणि सर कुठली ते कळेना. बेटावरच्या रेडिओ-दिव्याकडे वळणारी सुई होती, पण आसपास विजा चमकत असल्या की ती सुई विजांकडेही झुकते. ती एका बाजूला ठरेनाच. कार निकोबार हे जवळजवळ सपाट बेट आहे, सव्वाशे चौरस किलोमीटरचं. डोंगर नाही, ढगातून वर आलेलं शिखर नाही. नारळाच्या झाडांची एक काळी रेघ, एवढीच त्याची उंची.

आमचे कॅप्टन वयानं माझ्याहून बरेच मोठे, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, "नॅव, समंदर देखा?" मी नकाशा पाहत होतो, समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी उघड्या समुद्रावर विमान आणखी खाली आणलं आणि ढगांच्या तळाखाली येताच मला फुगीर काचेतून बाहेर पाहायला लावलं. पाणी पांढरं झालं होतं. नुसत्या लाटांचे शेंडे फुटलेले नव्हते, तर फेसाच्या लांब रेघा ओढल्या गेल्या होत्या, शेत नांगरल्यावर पडतात तशा. वारा जोरात असतो तेव्हाच समुद्रावर अशा रेघा उमटतात आणि त्या वाऱ्याच्याच दिशेला असतात. कागदावरच्या वाऱ्यापेक्षा खरा वारा दुपटीहून जास्त होता.

मग उरलेलं गणित तोंडीच झालं. साठ मैलांवर एक अंशाची चूक म्हणजे एक मैल. माझी चूक पाच अंशांची आणि अंतर दीडशे मैल. म्हणजे बेटाच्या साडेबारा मैल पूर्वेला आम्ही भरकटलो होतो, आणि समोरच्या वाऱ्यामुळे अजून पुरेसं दक्षिणेलाही गेलो नव्हतो. नैर्ऋत्येला वळलो. सहाव्या मिनिटाला सरींच्या फटीतून एक पांढरी किनार दिसली, प्रवाळावर फुटणाऱ्या लाटांची, आणि मागे ती काळी रेघ.

उतरल्यावर कॅप्टनसाहेबांनी मला त्यांचा लॉग दाखवला. उड्डाणापूर्वीच त्यांनी पहिल्या ओळीत एक वेळ लिहून ठेवली होती. त्या वेळेपर्यंत बेट दिसलं नाही तर मागे फिरायचं. त्या वेळेला अजून अकरा मिनिटं बाकी होती. मी काढलेल्या बेचाळीसवर त्यांनी विश्वास ठेवला होता, पण त्याच्या आधारावर विमानातली माणसं पणाला लावली नव्हती. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक लॉगची पहिली ओळ परतीच्या वेळेची असे, पोचण्याची वेळ दुसऱ्या ओळीत.

दुसरी गोष्ट मी पुस्तकातून शिकलो. फ्रान्सिस चिचेस्टर १९३१ मध्ये एका लहानशा विमानातून एकटा न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला निघाला. वाटेत नॉरफोक आणि लॉर्ड हाऊ ही दोन ठिपक्याएवढी बेटं गाठली नाहीत तर इंधन संपून समुद्रात. तो बेटाच्या रोखानं गेलाच नाही. मुद्दाम एका बाजूला गेला, सूर्याची उंची मोजत. ठरलेल्या रेषेवर पोचला की काटकोनात वळायचं, आणि कुठल्या बाजूला वळायचं ते आधीपासून नक्की. नेमका रोख धरून बेट चुकलं तर ते डावीकडे राहिलं की उजवीकडे, हे कळायला मार्ग नसतो. मुद्दाम चुकलेल्या माणसाला ते ठाऊक असतं. वाईट हवेत मीही मग कार निकोबारच्या थोडं पश्चिमेला रोख धरू लागलो. कागदावर अंतर दोन-तीन मैलांनी वाढायचं. माझ्या मते त्या मार्गावरचे ते सर्वांत उपयोगी मैल होते.

डोंगरातलं अंतर वेगळ्या तऱ्हेनं फसवतं. लेह आणि थोईस या दोन धावपट्ट्यांमध्ये कर्कटकानं मोजलं तर फक्त ३२ नॉटिकल मैल, साठेक किलोमीटर. आठ मिनिटं. पण मध्ये लडाखची रांग उभी आहे, खारदुंग ला खिंडच साडेसतरा हजार फुटांवर, तिच्या दोन्ही बाजूंची शिखरं त्याहून वर. लेहची धावपट्टी १०,६८२ फुटांवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या हवेच्या सुमारे ७२ टक्के दाट. पंखाला तीच उचल मिळायला विमानाला सतराअठरा टक्के जास्त वेगानं पळावं लागतं, म्हणजे धावपट्टी जास्त लागते, वळणाचा घेर वाढतो, आणि इंजिनाचा दम मात्र कमी झालेला असतो. सूर्य तापला की आणखी कमी. म्हणून तिथली कामं सकाळची. दुपारी खोऱ्यातून वारे उठायला लागले की धावपट्टी दिसत असूनही ती आपली नसते. सिंधूच्या खोऱ्यात उंची गाठायची, रांग ओलांडायची, पलीकडे श्योकच्या खोऱ्यात तेवढंच खाली उतरायचं. आठ मिनिटांचे वीस-बावीस व्हायचेच.

थोईस नावाचं गाव नाही. सियाचेनला जाणाऱ्या-येणाऱ्या सैनिकांच्या थांब्याचं इंग्रजी वर्णन आखडून हे नाव झालं, असं तिथं सगळे सांगतात. तिथे मला एकदा मराठा लाइट इन्फंट्रीचा एक जवान भेटला. हवा बिघडल्यामुळे आम्हीही अडकलेलो. माझ्या नावाच्या पट्टीवरून त्यानं ओळखलं आणि जवळ आला.

"सायेब, सातारकडचं का?"

"माणचा. तू रे?"

"पाटणच्या वरल्या अंगाला गाव हाय आमचं." मग थोडं थांबून, "आज हुईल का उड्डाण? चार दिस झालं बसलुय."

मी आभाळाकडे पाहिलं, त्यानंही. मी म्हणालो, उद्या सकाळी वाटतंय.

"चंदीगडला किती वेळ लागतुया?"

"सव्वा तास."

त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. चंदीगड, तिथून अंबाला, अंबाल्याला झेलम एक्सप्रेस, पुणं, पुण्याहून एसटी, कराड, पाटण. मुलगी झाली होती, बारसं चार दिवसांवर आलेलं. त्याची बोटं कराडला येऊन थांबली. "झेलम गावली तर व्हतंय," तो म्हणाला.

थोईस ते चंदीगड २४० नॉटिकल मैल, सव्वा तास. पण त्याच्यासाठी ते अंतर चार दिवस सव्वा तासाचं होतं, आणि एक दिवस अजून वाढणार होता. दूरच्या विमानतळांचा प्रवासवेळ विचारणाऱ्याला मला नेहमी हे सांगावंसं वाटतं, की विमान हवेत असतं तो वेळ त्यातला सर्वांत लहान तुकडा आहे. धावपट्टीच्या कडेला ट्रंकेवर बसलेला माणूस कुठल्या दिवशी बसला, तिथून मोजायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला नेलं. त्याला झेलम मिळाली का, मला कळलं नाही.

कार निकोबारला मी शेवटचा गेलो तो जानेवारी २००५ मध्ये. २६ डिसेंबरच्या सुनामीत तिथल्या हवाई तळावरची शंभराहून अधिक माणसं गेली होती, जवान, त्यांच्या बायका, मुलं. वसाहत समुद्राला लागून होती. वरून पाहिलं तर चौथऱ्यांचे चौकोन दिसत होते, घरं नव्हती. किनाऱ्याची रेघ बदलली होती. आणखी दक्षिणेला, ग्रेट निकोबारच्या टोकाला, इंदिरा पॉइंट सव्वाचार मीटर खचला होता आणि तिथल्या दीपगृहाभोवती पाणी आलं होतं. कर्कटकाला मात्र दीडशेच मैल दाखवायचे होते. मी नेहमीप्रमाणे मिनिटं कळवली. पलीकडून आलेलं "रॉजर" वेगळ्या आवाजातलं होतं. पूर्वीचा आवाज बदलीवर गेला असेल, रजेवर असेल. खाली उतरल्यावर मी कुणाला विचारलं नाही.

परतताना विमानात माणसं दाटीनं बसलेली, बहुतेकांच्या हातात काहीच नव्हतं. जानेवारीत तिथे सूर्य साताऱ्याच्या जवळजवळ दीड तास आधी उगवतो. घड्याळात सकाळचे सात वाजले नव्हते आणि दिवस कासराभर वर आला होता. आजीची आठवण मला त्या दिवशी झाली.

मी निवृत्त झालो तोवर उपग्रह सगळं सांगू लागले होते. विमान कुठे आहे, वारा किती, पोचायला किती मिनिटं, हे आकडे पडद्यावर दर सेकंदाला बदलतात, आणि ते माझ्या पेन्सिलीपेक्षा कितीतरी अचूक असतात. १९८९ च्या त्या दिवशी असा पडदा असता तर मला हवाच होता. नव्या मुलांना मी एवढंच सांगायचो की पडदा पाहा आणि समुद्रही पाहा.

२२ जुलै २०१६ ला मी घरी होतो. दूरदर्शनवर बातमी आली की चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेल्या एएन-३२ चा संपर्क तुटला आहे. आत २९ जण. सकाळी साडेआठला उड्डाण, पावणेबाराला पोचणं अपेक्षित. रडारवर शेवटचं दिसलं ते नऊ वाजून बारा मिनिटांच्या सुमाराला. माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला आणि मी वर्तमानपत्राच्या समासात लिहायला लागलो. तांबरम ते पोर्ट ब्लेअर ७४३ नॉटिकल मैल. सव्वातीन तास. म्हणजे सरासरी २२९ नॉट. ओळखीचा आकडा, हेच विमान, हाच मार्ग मी किती वेळा केला होता. या मार्गावर आम्ही नकाशावर एक बारीक फुली करायचो, क्रिटिकल पॉइंट म्हणायचो तिला. तिथून पुढे जायला आणि मागे यायला सारखाच वेळ लागतो. वारा नसेल तर ती बरोबर मध्यावर, ३७१ मैलांवर. समोरून चाळीस नॉटचा वारा असेल तर, हवेतला वेग २४० धरून, ती पुढे सरकून ४३३ मैलांवर जाते. त्या फुलीच्या अलीकडे काही बिघडलं तर मागे वळायचं, पलीकडे बिघडलं तर पुढे जायचं. बेचाळीस मिनिटांत ते विमान फुलीच्या खूप अलीकडे होतं. घर जवळ होतं.

तो दिवस गेला, महिने गेले. जहाजांनी, विमानांनी शोध घेतला. पत्नी म्हणाली, "आता नका हो तो कागद घेऊन बसू." मी तो कपाटात ठेवला.

जानेवारी २०२४ मध्ये बातमी आली. खोल समुद्रात उतरणाऱ्या स्वयंचलित यंत्रानं ३,४०० मीटर खोलीवर काढलेल्या छायाचित्रांत एएन-३२ चे अवशेष ओळखले गेले होते, चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर. साडेसात वर्षं झाली होती.

माझ्याकडे बंगालच्या उपसागराचा एक समुद्री नकाशा आहे, निवृत्तीनंतर विकत घेतलेला. त्या संध्याकाळी तो मी जेवणाच्या टेबलावर पसरला, तांबरमहून पोर्ट ब्लेअरची रेषा ओढली आणि कर्कटक काढलं. ३१० किलोमीटर म्हणजे १६७ नॉटिकल मैल. अक्षांशपट्टीवर तेवढं उघडलं, एक टोक किनाऱ्यावर ठेवलं, दुसरं रेषेजवळ टेकवलं. नेमकी जागा मला ठाऊक नव्हती, इथेच कुठेतरी. टोक जरा जोरात टेकलं गेलं आणि कागदाला भोक पडलं. नकाशा नुसता पाहिला तर ते दिसत नाही, खिडकीपुढे धरला की दिसतं.